एका तुडतुड्याचे बारसे

2022च्या जानेवारीत एक लहानशी बातमी बऱ्याच ठिकाणी छापून आली. युगांडाच्या पश्चिमेकडील किबाले राष्ट्रीय उद्यानाच्या वर्षावनात विज्ञानाला अज्ञात असलेला एक कीटक सापडला होता. केंब्रिजमधल्या अँग्लिया रस्किन विद्यापीठातले डॉ. अ‍ॅल्विन हेल्डन यांनी ‘झूटॅक्सा’ या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध करून त्याला ‘फ्लोगिस किबालेन्सिस’ असे नाव दिले होते. त्याच्या जवळच्या नातेवाइकाची शेवटची नोंद 1969 सालची होती, आणि तीही दुसऱ्याच देशातली, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातली. सोबत एक छायाचित्र होते. साडेसहा मिलिमीटर लांबीचा, म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा जीव, अंगावर धातूसारखी चकाकी आणि ठोकून काढलेल्या भांड्यावर असावेत तसे बारीक बारीक खड्डे.

बातमीत इंग्रजी शब्द होता तो ‘लीफहॉपर’. आमच्याकडे त्याला तुडतुडा म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यात ज्याच्या घरी चार हापूसची कलमे आहेत त्याला हा शब्द शिकवावा लागत नाही. पौष-माघात मोहोर फुलला की संध्याकाळी बागेतून चालताना पानांवरून पाऊस पडल्यासारखी तडतड ऐकू येते, पाने चिकट होतात, मग त्या चिकटपणावर काळी बुरशी चढते आणि मोहोर गळतो. ‘यंदा तुडतुडा पडला’ हे वाक्य माझ्या लहानपणी घरात मृत्यूची बातमी सांगावी तशा आवाजात बोलले जाई. पण कोणता तुडतुडा, असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. कपाशीवरचा तुडतुडा, भातावरचा हिरवा तुडतुडा, भातावरचा तपकिरी तुडतुडा हे सगळे एकाच घरचे. (तपकिरी हा खरे तर दुसऱ्या कुलातला. आपल्या शेतकऱ्याने उडी पाहून नाव ठेवले, कुल पाहून नाही, आणि त्यात त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.)

माझा मूळ विषय कीटक नव्हे, जुनी गॅझेटियरे. एडविन अ‍ॅटकिन्सन या सनदी अधिकाऱ्याने हिमालयातल्या जिल्ह्यांवर लिहिलेले तीन जाडजूड खंड वाचत असताना, चाळिशी उलटल्यावर, मला कळले की हाच गृहस्थ फावल्या वेळात हिंदुस्थानातल्या ढेकूणवर्गीय कीटकांची यादी करत होता. आंब्यावरच्या एका तुडतुड्याच्या नावात तो आजही आहे: अमृटोडस अ‍ॅटकिन्सोनाय. जंगलांवर आणि जमीनमहसुलावर इतके लिहिणाऱ्या माणसाचे नाव एका किडीला चिकटून राहावे याची मौज वाटली आणि मी त्या वाटेने गेलो तो अजून परतलेलो नाही. त्यामुळे ती युगांडाची बातमी वाचल्यावर माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो इतिहास वाचणाऱ्याचा. हा कीटक नवा आहे हे त्यांना कळले कसे?

सापडणे आणि नवा ठरणे या दोन वेगळ्या घटना आहेत. बातमीदार त्या एकत्र करतात, कारण जाळे हातात घेतलेला माणूस चित्रात चांगला दिसतो. हेल्डन 2015पासून विद्यार्थ्यांना घेऊन किबालेला जात होते, तिथल्या फुलपाखरांच्या, पतंगांच्या, कासवभुंग्यांच्या सचित्र याद्या त्यांनी तयार केल्या आहेत. पाहताक्षणीच हे काहीतरी विशेष आहे असे आपल्याला वाटले, असे त्यांनी म्हटले आहे. ते खरेच असणार. पण वाटणे पुरेसे नसते. तुडतुड्यांच्या कुलात, सिकाडेलिडीत, आजवर वीस हजारांहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. हातातला कीटक त्यांपैकी कोणताच नाही हे सिद्ध करायचे, तर काम जंगलात नसते, कागदपत्रांत असते.

गावच्या जमिनीचे दप्तर ज्यांनी कधी चाळले आहे त्यांना हा मामला लवकर समजेल. प्राणिशास्त्रात ‘वर्णन’ हा शब्द थोडा फसवा आहे. ते रूपवर्णन नव्हे, ती दाव्याची नोंद आहे. या नावाची जात अस्तित्वात आहे, ती शेजारच्या जातींपासून इथे इथे वेगळी होते, आणि वाद झाला तर मोजणी या एका नमुन्यापासून करावी, असे ते सांगते. हा एक नमुना म्हणजे हद्दीचा दगड. नाव त्याला बांधलेले असते. आजच्या नियमांनुसार तो नमुना कोणता आणि कोणत्या संग्रहात ठेवला आहे हे छापून सांगावे लागते, त्याशिवाय नाव ग्राह्यच धरत नाहीत. एकाच जातीला दोन नावे पडली असतील तर आधीचे टिकते. मात्र मोजणी 1758च्या मागे जात नाही, त्या वर्षी लिनीयसच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली.

नावाचे दोन भाग असतात. पहिला प्रजातीचा, तो आडनावासारखा, भावंडांत सामायिक, दुसरा जातीचा. ‘फ्लोगिस’ हे आडनाव रौनो लिन्नाव्हुओरी या फिनलंडच्या कीटकशास्त्रज्ञाने दिलेले. आफ्रिकेतल्या तुडतुड्यांची मोठी फेरतपासणी त्याने केली, आणि 1979 साली तिच्यात मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या त्या कीटकाला ‘फ्लोगिस मिराबिलिस’ असे नाव दिले. मिराबिलिस म्हणजे अद्भुत. हजारो तुडतुडे हाताखालून गेलेल्या माणसाने एखाद्यालाच अद्भुत म्हणावे, यावरून तो कीटक किती वेगळा वाटला असेल याची कल्पना येते. 1969 ही नोंद, 1979 हे नाव, मधली दहा वर्षे टाचणीवर. असे विलंब या विषयात नित्याचे आहेत.

या आडनावाच्या वर उपकुल आहे, सिग्नोरेशिनी. ते सिग्नोरे या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाच्या नावावरून पडलेले. आफ्रिका आणि आपल्याकडचा पौर्वात्य प्रदेश, या दोन ठिकाणच्या पावसाळी जंगलांतच ते आढळते आणि फार क्वचित हाती लागते. 2013 साली या उपकुलाची एक टिपणवजा तपासणी ‘झूकीज’ या नियतकालिकात आली. लेखक तिघे: ब्राझीलच्या डॅनिएला टाकिया, अमेरिकेतले ख्रिस्तोफर डिट्रिच, आणि बंगळूरच्या कृषी विद्यापीठातले सी. ए. विरक्तमठ. भारतीय उपखंडातल्या तुडतुड्यांवर काम करणाऱ्या कोणालाही विरक्तमठांचे नाव टाळता येत नाही. किबालेचा कीटक केंब्रिजच्या माणसाला सापडला, पण त्याच्या शेजाऱ्यांच्या हद्दी मागच्या पिढीत ज्यांनी मोजून ठेवल्या त्यांत एक माणूस बंगळूरचा होता. बातमीत हे नव्हते. बातमीत ते बसतही नाही.

किबालेबद्दल थोडे सांगायला हवे, कारण नावात ते कायमचे गेले आहे. सुमारे 795 चौरस किलोमीटरचे हे उद्यान चिंपांझींसाठी आणि एकूण तेरा जातींच्या माकड-वानरांसाठी प्रसिद्ध आहे. 1932मध्ये इंग्रज सरकारने ते राखीव वन केले. 1960च्या दशकाच्या अखेरीस त्याच्या काही भागांत यंत्रांनी लाकूडतोड झाली, काही भाग तसेच राहिले. 1970पासून कन्यावारा या ठिकाणी माकडांचा अभ्यास सुरू झाला आणि पुढे तिथे माकेरेरे विद्यापीठाचे संशोधन केंद्र उभे राहिले. तोडलेले आणि न तोडलेले जंगल शेजारीशेजारी असल्याने अभ्यासकांना तुलना आयती मिळाली. 1993मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. त्याच्या आदल्या वर्षी जंगलाला लागून असलेल्या पट्ट्यात वसलेल्या हजारो शेतकरी कुटुंबीयांना सरकारने हुसकावून लावले होते. ‘-एन्सिस’ हा लॅटिन प्रत्यय म्हणजे आपल्या मराठी आडनावांतला ‘-कर’. किबालेन्सिस म्हणजे किबालेकर. एका तुडतुड्याला गावाचे नाव मिळाले त्या गावातून माणसे कशी निघाली, हे लक्षात ठेवून ते नाव वाचावे असे मला वाटते. हेल्डन यांनी स्वतः नवल व्यक्त करतानाच, उद्यानांच्या कुंपणाबाहेर वर्षावन किती झपाट्याने साफ होते आहे ही चिंताही बोलून दाखवली आहे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि एकीने दुसरी खोडली जात नाही.

आता मोजणीच्या पद्धतीकडे. दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे हे लिहिताना थोडा संकोच होतो, पण त्याला वळसा घालून जाता येत नाही. तुडतुड्यांची ओळख शेवटी नराच्या जननेंद्रियावरून पटते. बाहेरून दोन जाती इतक्या सारख्या दिसतात की रंगावर विसंबले तर फसगत ठरलेली. म्हणून नराचे पोट वेगळे करतात, ते कॉस्टिक पोटॅशच्या द्रावात ठेवतात, त्यात मांसल भाग विरघळून जातो आणि कायटिनचा कडक सांगाडा तेवढा उरतो. मग ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रेखाचित्रे काढायची. प्रत्येक जातीत या अवयवांचे टोक, वळण, काटे निराळे. किबालेच्या नरात त्यांचा काही भाग पानाच्या आकाराचा आहे. कुलूप आणि किल्ली यांचा हा मेळ असावा, म्हणजे परक्या जातीशी संकर होऊ नये म्हणून निसर्गाने केलेली सोय, अशी कल्पना लेआँ द्युफूर या फ्रेंच डॉक्टरने 1844मध्येच मांडली होती. आज ती जशीच्या तशी कोणी मानत नाही. पण कारण काहीही असो, ओळख पटवण्यासाठी ती खूण पक्की ठरली आहे.

ही खूण पद्धतशीरपणे वाचायला शिकवणाऱ्यांत एक पंजाबी माणूस आहे, हेमसिंग प्रुथी. केंब्रिजला शिकत असताना त्यांनी या साऱ्या कीटकवर्गाच्या नरांच्या जननेंद्रियांचा तौलनिक अभ्यास केला, तो 1925मध्ये लंडनच्या कीटकशास्त्रीय संस्थेने छापला. नंतर कलकत्त्याला येऊन 1930च्या दशकात त्यांनी भारतीय तुडतुड्यांवर लेखमाला लिहिली. पुढे ते शेतकीखात्यात गेले, मोठ्या पदावर पोचले, आणि टोळधाडींच्या कामात गुंतले. प्रुथींच्या आधी आपल्याकडच्या तुडतुड्यांची नोंद कशी होत होती, आणि त्यामुळे काय झाले, ही या लेखातली खरी गोष्ट आहे. ती सांगायला भाताच्या खाचरात उतरावे लागेल.

‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेतले ढेकूणवर्गीय कीटकांचे सात खंड (1902 ते 1918) विल्यम लुकास डिस्टंट याने लिहिले. माझ्यासारख्या शाळेबाहेर शिकलेल्या माणसाला डिस्टंटबद्दल ममत्व वाटते. तो कातडी कमावण्याच्या धंद्यातला माणूस. कीटकांचे वेड आधी, ब्रिटिश म्युझियममधली जागा फार उशिरा. हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोनमधून पेट्या यायच्या आणि हा त्यांतल्या जीवांना नावे द्यायचा. काम अवाढव्य होते. पण वर्णने रंगांची, ठिपक्यांची, डोक्याच्या आकाराची. पोट उघडून पाहण्याची रीत त्याची नव्हती.

1908च्या चौथ्या खंडात डिस्टंटने एका हिरवट तुडतुड्याला नाव दिले, सेलेनोसेफालस व्हिरेसेन्स. व्हिरेसेन्स म्हणजे हिरवट. आडनाव चुकले. हा कीटक ज्या घराण्यातला होता त्याला मात्सुमुरा या जपानी शास्त्रज्ञाने सहा वर्षांपूर्वीच नेफोटेटिक्स हे नाव दिले होते. म्हणजे जमीन या गावची आणि नोंद शेजारच्या गावाच्या दप्तरात. त्यानंतर भातावरचे हिरवे तुडतुडे ज्यांनी ज्यांनी अभ्यासले ते साहजिकच नेफोटेटिक्सचे दप्तर उघडत, आणि त्यात डिस्टंटची नोंद नसे. भारतीय शेतकी अहवालांत हा कीटक बरीच वर्षे ‘बायपंक्टेटस’ या नावाखाली वावरला. बायपंक्टेटस म्हणजे दोन ठिपकेवाला. पंखांवर दोन काळे ठिपके तर या घराण्यातल्या बहुतेकांना असतात.

1960च्या दशकात फिलिपाइन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत टुंग्रो या रोगाचा तपास चालू होता. भाताची पाने नारिंगी-पिवळी पडतात, वाढ खुंटते, लोंब्या पोचट राहतात. 1965मध्ये रिव्हेरा आणि औ या दोघांनी दाखवून दिले की हा विषाणूजन्य रोग आहे आणि तो हिरवा तुडतुडा पसरवतो. कोणता हिरवा तुडतुडा? त्यांनी नाव लिहिले नेफोटेटिक्स इम्पिक्टिसेप्स. हे नाव इशिहारा यांनी जेमतेम वर्षापूर्वी, 1964मध्ये दिले होते. त्याचा अर्थ आहे, डोके न रंगवलेला. नाव फार विचारपूर्वक ठेवलेले होते. कारण याच घराण्यातला दुसरा एक तुडतुडा, नायग्रोपिक्टस, म्हणजे काळ्या रंगाने रंगवलेला, हुबेहूब असाच असतो, फक्त त्याच्या डोक्याच्या कडेला काळी पट्टी असते. दोघेही एकाच खाचरात सापडतात. डोके न रंगवलेला टुंग्रो झपाट्याने पसरवतो. काळी पट्टीवाला फारच कमी.

म्हणजे कोणता तुडतुडा, हा प्रश्न पंडितांचा उरत नाही. शेतात नुसते हिरवे तुडतुडे मोजून फवारणी करायची की नाही हे ठरवणाऱ्याला त्यांतले धोक्याचे किती हे कळायला हवे. जुन्या अहवालांत दोन्ही एकाच नावाखाली मोजले असतील, तर ते आकडे नंतर कोणी सोडवून देऊ शकत नाही.

मग 1971मध्ये लंडनच्या राष्ट्रकुल कीटकशास्त्र संस्थेतले घौरी यांनी संपूर्ण नेफोटेटिक्स घराण्याची फेरमोजणी केली. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच ती मूळ नमुन्यांवर आधारलेली आहे असे सांगितले होते. सगळे हद्दीचे दगड त्यांनी पुन्हा पाहिले. त्यात निघाले की इशिहारांचा 1964चा इम्पिक्टिसेप्स आणि डिस्टंटचा 1908चा हिरवट तुडतुडा एकच आहेत. आधीचे नाव टिकते. आज हा कीटक ‘नेफोटेटिक्स व्हिरेसेन्स (डिस्टंट, 1908)’ असा लिहितात. डिस्टंटभोवती कंस आहे तो उगाच नाही, मूळ आडनाव नंतर बदलले गेले आहे याची ती खूण. माझा स्वतःचा या कंसावर विलक्षण जीव आहे. अर्ध्या शतकाहून जास्त काळचा घोळ दोन लहानशा वक्ररेषांत मिटवलेला असतो, आणि वाचणारे त्यावरून सरळ पुढे जातात.

त्रेसष्ट वर्षे. तेवढा काळ बंगाल, मद्रास, कोकणातल्या शेतांत ज्याने आपले काम चालू ठेवले त्या कीटकाची नोंद लंडनच्या छापील ग्रंथात होती, आणि ती आपल्याकडच्या माणसाला सापडण्याजोगी नव्हती. नमुना इकडून तिकडे गेला, इकडे उरला तो चुकीच्या मथळ्याखालचा एक परिच्छेद. मला डिस्टंटला दोष द्यावासा वाटत नाही. पण दगड एका देशात आणि जमीन दुसऱ्या देशात असली की काय होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

आंब्याची गोष्ट वेगळ्या तऱ्हेची, आणि तिच्यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. आंब्यावरच्या तीन तुडतुड्यांना 1889मध्ये लील या गावच्या लेथिएरी या फ्रेंच माणसाने नावे दिली. अ‍ॅटकिन्सोनाय, क्लायपिएलिस आणि निव्हिओस्पार्सस. शेवटच्याचा अर्थ, अंगावर हिमकण उधळलेला. (आमच्या बागेचे वाटोळे करणाऱ्याला इतके सुंदर नाव!) काही वर्षांपूर्वी एका मासिकात कोकणातल्या आंब्यावरच्या किडींवर मी लेख लिहिला. त्यात जुन्या पुस्तकांतून निव्हिओस्पार्सस घेतला, नव्या पुस्तकांतून निटिड्युलस घेतला आणि दोघांना शेजारी उभे करून तुडतुड्यांची संख्या एकाने वाढवली. वर, निटिड्युलस हा अलीकडे पसरत चाललेला दिसतो, असा स्वतःचा निष्कर्षही ठोकून दिला. महिन्याभराने एका निवृत्त प्राध्यापकांचे पोस्टकार्ड आले. चार ओळी. हे दोन्ही एकच असून, फ्रान्सिस वॉकरने 1870मध्ये दिलेले निटिड्युलस हे नाव लेथिएरीच्या नावाआधीचे असल्याने तेच ग्राह्य धरले आहे, असे त्यात होते. कीटक पसरत नव्हता, नाव पसरत होते. ते पोस्टकार्ड मी अजून वापरतो, खूण म्हणून, डिस्टंटच्या चौथ्या खंडाच्या छायाप्रतीत.

वॉकर हा या क्षेत्रातला बदनाम माणूस आहे. ब्रिटिश म्युझियमच्या याद्या करताना त्याने इतकी नावे इतक्या घाईत पाडली की एकाच जातीला दोनदोनदा नावे दिली, कधी कधी वेगवेगळ्या आडनावांनी. त्याची वर्णने सोडवण्यात पुढच्यांच्या हयाती गेल्या. पण नियमाला घाईशी कर्तव्य नसते. तारीख आधीची, नाव त्याचे.

हे सारे माहीत असल्याने किबालेच्या वर्णनाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. आधीचा माणूस कोण, त्याची नोंद कोणत्या दप्तरात, दगड कुठे आहे, आतले अवयव कसे आहेत, हे सगळे त्यात पुढच्या माणसासाठी लिहून ठेवलेले असते. आणि तरी त्यात एक मोठी पोकळी आहे, ती हेल्डन यांनी लपवलेली नाही. हा तुडतुडा कोणत्या झाडावर जगतो, कशाचा रस पितो, जंगलात त्याचे काम काय, यांतले जवळजवळ काहीच माहीत नाही. त्याच्या सगळ्या गोतावळ्याबद्दलच माहीत नाही. आंब्यावरच्या तुडतुड्याचे अन्न आपल्याला आधी कळले, नाव मागाहून आले, कारण तो आपल्या ताटातले खात होता. किबालेकराचे नाव आहे, पत्ता आहे, शरीराचा एकेक काटा मोजलेला आहे, आणि तो जेवतो कुठे याचा थांग नाही. जंगलातली झाडे तोडताना कोणते झाड गेले म्हणजे तो गेला, हे सांगता यायचे तर ते एवढे एक कळायला हवे.

नियमांत एक गमतीची बाब आहे. नाव लॅटिन लिपीत असावे लागते, पण प्राण्याचे वर्णन कोणत्या भाषेत लिहावे याची सक्ती नाही. जगात बऱ्याच जणांना वाचता येईल अशी भाषा असावी, एवढी शिफारस आहे. म्हणजे मराठीत लिहिलेले वर्णनही तत्त्वतः चालेल. मी हे एका तरुण कीटकशास्त्रज्ञाला उत्साहाने सांगितले तेव्हा तो नुसता हसला. डिस्टंटची नोंद इंग्रजीत असून त्रेसष्ट वर्षे सापडली नाही, हे त्याला सांगायचे राहिले. बहुधा त्याने त्यावरून उलटाच निष्कर्ष काढला असता.

गेल्या वर्षी भाद्रपदात आमच्या गावाजवळच्या देवराईतल्या देवळात रात्री बसलो होतो. दिव्याखाली फरशीवर नेहमीचे पतंग आणि मुंग्या, त्यांत एक मेलेला तुडतुडा. तपकिरी, डोके पुढे निमुळते, पंखांवर फिकट शिरांचे जाळे. माझ्या ओळखीचा नव्हता, पण माझ्या ओळखीचे तुडतुडे ते किती. घरी आणून स्पिरिटच्या बाटलीत टाकला आणि छायाचित्रे काढून एका जाणकारांना पाठवली. त्यांनी तत्परतेने उत्तर दिले. पोटाकडचा भाग पाहता ही मादी आहे, मादीवरून काही सांगता येणार नाही, नर मिळाला तर कळवा.

बाटलीत कागदाची चिठ्ठी आहे, पेन्सिलने लिहिलेली, कारण शाई स्पिरिटमध्ये उतरते. गावाचे नाव, तारीख, ‘देवळाच्या दिव्याखाली’. त्याखाली ‘झाड’ असे लिहून पुढे जागा कोरी सोडली आहे. देवराईत त्या देवळाला लागून आंबा नाही. किंजळ आहे, वड आहे, दोन सुरंगी आहेत, आणि वेलींनी इतके गुरफटलेले एक झाड आहे की त्याचे नाव गावात दोघांनी दोन सांगितले. यंदा पाऊस ओसरला की गुरवांना विचारून, दिवा लावून, पुन्हा तिथे बसायचे आहे.